डावं पेडल

तीन वर्षं माझ्या दुकानात सायकलचं डावं पेडल मी लावत नव्हतो, माझी बायको लावायची. पनवेलच्या जुन्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकं हसायची. कोणाला वाटायचं नवस असेल, कोणाला वाटायचं ज्योतिषाने काहीतरी सांगितलं असेल. एका मास्तरांनी मला सरळच विचारलं होतं, "हाताला काही झालंय का हो?" मी म्हटलं, "हो, जुनं दुखणं आहे." ते अगदीच खोटं नव्हतं. दुखणं होतं, फक्त हाताचं नव्हतं.

ज्यांनी आयुष्यात कधी सायकल उघडली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजव्या पेडलचे आटे सरळ असतात, डाव्याचे उलटे. एरवी पान्हा ज्या दिशेने फिरवला की नट घट्ट होतो, त्या दिशेने फिरवलं तर डावं पेडल सुटून हातात येतं. नवशिके इथे हमखास फसतात. मी नवशिका नव्हतो. माझी चूक निराळी होती, आणि ती कळायची तर आमच्या दुकानातली एक रीत आधी सांगायला हवी.

आमचे वडील उमेदीच्या काळात मिठागरावर कामाला होते. तिथल्या कामगारांच्या सायकली दुरुस्त करता करता त्यांनी ते काम सोडलं आणि पनवेलला दुकान टाकलं. पण सायकली त्याच, खाऱ्या वाऱ्यात उभ्या राहिलेल्या. गंज इतका की नट अर्ध्या वाटेत अडकायचा आणि हाताला घट्ट लागायचा. लावणाऱ्याला वाटायचं, झालं. झालेलं काही नसायचं. म्हणून वडिलांनी नियम घातला. ज्याच्या हातात पान्हा आहे त्याने स्वतःच्या हातावर भरवसा ठेवायचा नाही. त्याने विचारायचं, "बसलं?" मग दुसऱ्याने उठून यायचं, हात लावून बघायचं आणि म्हणायचं, "बसलं." पेडल ज्या दांड्यात घट्ट करतात त्याला क्रँक म्हणतात. त्या क्रँकच्या आतल्या बाजूने बोट फिरवायचं. आट्यांचं टोक बोटाला लागलं तर पेडल बसलं. बोट खड्ड्यात गेलं तर नाही.

हा शब्द आमच्या घरात इतका भिनला की आई कुकरचं झाकण लावून आम्हाला विचारायची. शाळेचा निकाल लागला की वडील प्रगतिपुस्तक हातात घेऊन आमच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बसलं?" दादा म्हणायचा, "बसलं." मी गप्प राहायचो, कारण माझं बहुतेक वेळा बसलेलं नसायचं.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमच्या भागात सायकल शर्यतीत त्याच्या पुढे जाणारा माणूस नव्हता, असं मी म्हणालो तर त्याला भावाचं कौतुक समजू नका, कारण त्या काळात मला त्याचं कौतुक अजिबात नव्हतं. मला त्याचा राग यायचा. घरातलं दूध त्याला, केळी त्याला, आणि नवे टायर तर त्यालाच. ज्या वर्षी तो घाटाच्या मोठ्या शर्यतीत उतरणार होता त्या वर्षी मला त्याच्यामागच्या टेम्पोतून जायचं होतं. जागा मला मिळाली नाही, दादाच्या मित्राला मिळाली. मला सांगण्यात आलं, तू दुकान उघड.

शर्यतीच्या सकाळी दादाने दुकानासमोर सायकल उलटी ठेवली होती. सगळं तपासून झालं, शेवटी त्याने डावं पेडल घट्ट केलं. मी पायरीवर चहात पाव बुडवून खात बसलो होतो. त्याने मान वर करून विचारलं, "बसलं?"

दोन पावलांचं अंतर होतं. मी उठलो नाही. तोंडात पाव होता तसाच म्हणालो, "बसलं."

पुढचं मी पाहिलेलं नाही. लोकांनी सांगितलं ते असं: घाटात, शिंग्रोबाच्या देवळाखालच्या वळणावर दादा चढासाठी पेडलवर उभा राहिला आणि डावं पेडल निघालं. तो कठड्याच्या दगडावर पडला. गुडघ्याचा चुरा झाला. दोन ऑपरेशनं झाली आणि शर्यत हा विषय कायमचा संपला. ते पेडल त्याच्या मित्राने पिशवीतून परत आणून माझ्याकडे दिलं. मी दुकानात एकटा असताना ते उजेडात धरलं. पहिले तीन-चार आटे घासून चकचकीत झाले होते. बाकीच्या आट्यांवर गंज जसाच्या तसा होता. ते पेडल चार आट्यांवर पनवेलहून घाटापर्यंत गेलं होतं. मी ते फडक्यात गुंडाळलं आणि खालच्या खणात, मागे ठेवून दिलं.

मी कोणाला काही बोललो नाही, आणि मला कोणी काही विचारलं नाही.

त्यानंतर दादा वीस वर्षांच्या वर माझ्यासमोर त्याच दुकानात बसला. लंगडायचा, पण हात पूर्वीसारखाच चालायचा. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, वडील गेले, आई गेली. आम्ही भांडलो, हसलो, गणपतीत एकत्र मोदक खाल्ले. फक्त एक गोष्ट त्याने पुन्हा कधी केली नाही. पान्हा ठेवल्यावर त्याने मला "बसलं?" असं एकदाही विचारलं नाही. तो स्वतः स्टुलावरून उठायचा. उठताना गुडघा कट्ट असा वाजायचा. मग लंगडत सायकलला वळसा घालून तो पलीकडे जायचा, बोट फिरवायचा, आणि परत येऊन बसायचा. पुन्हा कट्ट. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. मी दोन पावलांवर बसलेला असायचो. "मी बघतो" एवढं म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही.

तीन वर्षांपूर्वी दुपारी जेवून आडवा झालेला दादा उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेराव्यानंतर मी दुकान उघडलं. पहिलंच काम शाळेच्या एका मुलीच्या सायकलचं आलं, डावं पेडल. मी पान्हा फिरवला, घट्ट केलं, आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "बसलं?"

आठवण कशी असते ते मला कळतं. ही आठवण नव्हती. हा आवाज कानातून आला होता, ल जरासा लांबवून, दादा लांबवायचा तसा. मी मागे बघितलं तर स्टूल होतं तिथेच होतं आणि त्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. माझ्या हातातला पान्हा खाली पडला. आवाज ऐकून बायको आतून आली.

"काय झालं वो?"

"काही नाही. हे जरा तू बघ."

तिने बघितलं, लावलं, आणि तेव्हापासून डावी पेडलं तिच्याकडे गेली. ती गव्हाणची. तिच्या माहेरच्या माणसांना कुठल्याही गोष्टीचं कारण विचारायची सवय आहे, पण हे कारण तिने कधी विचारलं नाही. त्याबद्दल मी तिचा आभारी होतो आणि थोडा घाबरूनही होतो.

पेडल सोडलं तरी आवाज थांबला नाही. ब्रेकची तार ओढली, चाक बसवलं, कुठलाही नट आवळला की पाठीमागून यायचा. कधी आधी गुडघा वाजायचा. मी उत्तर देत नव्हतो. काय देणार? मग मी कामंच कमी करत गेलो. कामोठ्या-खारघरची माणसं हल्ली महागड्या सायकली घेऊन येतात, तंग कपड्यांत, डोक्यावर हेल्मेट. गिअर लावून द्या, डिस्क ब्रेक बघा म्हणतात. मी दारातूनच सांगायचो, "आमच्याकडे होत नाही." ते निघून गेले की बायकोला ऐकवायचो, "नुसती फॅशन आहे, चार दिवसांची." खरं कारण एवढंच होतं की ती माणसं त्या सायकली घाटात घेऊन जातात. दुकानात लहान मुलांच्या सायकली आणि पंक्चर एवढंच उरलं. बाजूचा मोबाइलवाला गाळा मागत होता, आणि दिवाळीनंतर त्याला हो म्हणायचं मी मनात जवळजवळ ठरवलं होतं.

अशात एका संध्याकाळी दादाची मुलगी दुकानात आली. एकोणीस वर्षांची. वहिनीबरोबर कामोठ्याला राहते. बापाचे लांब पाय आणि बापाचीच हट्टी हनुवटी घेऊन आली आहे. सायकल भिंतीला लावून ती म्हणाली, "काका, मी घाटाच्या रेसमध्ये उतरतेय. मुलींचा ग्रुप पळस्प्याहून सुटतो, लोणावळ्याला फिनिश. मागे गाडी लागते, गाडीत मेकॅनिक लागतो. तू ये."

मी म्हटलं, "दुसरं कोणी बघ. मला त्या गिअरबिअरचं काही कळत नाही."

"तुला कळतं. बाबा सांगायचा, तुझा हात त्याच्यापेक्षा चांगला आहे."

मी आत पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ आतच थांबलो. दादाने असं कधी म्हटलं असेल यावर माझा विश्वास बसेना. रात्री वहिनीचा फोन आला. "भावजी, ती तुमच्याशिवाय कोणाचं नाव घेत नाही. मला तर तिथे बघवणार नाही. तुम्ही तरी मागे असा." नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "वैनी, आमी जातो. गाडी मी चालवते. ह्यांनी नुसतं बसायचं हाय."

मी नुसतं बसणार नव्हतो, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मला एकच भीती होती. बापाला मी पाडलं होतं, आता त्याच वळणावर त्याच्या मुलीला पाडीन. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत मी तिची सायकल चार वेळा उघडली. प्रत्येक वेळी डावं पेडल बायकोने लावलं. प्रत्येक वेळी आवाज आला.

शर्यतीच्या सकाळी निघताना, का ते मला आजही सांगता येणार नाही, मी खालच्या खणातलं ते फडक्यातलं पेडल काढून हत्यारांच्या पेटीत टाकलं.

पळस्प्याला गर्दी होती. शिट्टी वाजली आणि तीसेक मुली एकदम निघाल्या. त्यांच्या मागे आमच्यासारख्या गाड्यांची रांग. बायको आमची जुनी व्हॅन, जी एरवी शाळांत सायकली पोचवायला वापरतो, ती अशी चालवत होती की जणू शर्यत तिचीच आहे. मी काचेतून नुसता बघत राहिलो. इतकी वर्षं सायकलीच्या धंद्यात आहे, पण शर्यत मागून कशी दिसते ते मी पहिल्यांदा बघत होतो.

शेडुंगच्या पुढे समोरून वारा आला. पुढची मुलगी थोडा वेळ वारा अंगावर घ्यायची, मग बाजूला होऊन मागे यायची, तिच्या जागी दुसरी जायची. कोणी आरडाओरडा नाही, कोणी हिशेब विचारत नाही. एकमेकींना हरवायला आलेल्या मुली, आणि वारा मात्र वाटून खात होत्या. मी बायकोला म्हटलं, "बघ, कशा आळीपाळीने पुढे येतात."

ती म्हणाली, "तीन वर्षं दुकानात मी एकलीच पुढं हाय. माजी पाळी कवा बदलायची?"

मी खिडकीबाहेर बघू लागलो. तिचं काही चुकत नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं तिने, शाळांची कामं आणायची तिने, पेडलं लावायची तिने. मी दादाच्या आवाजाला घाबरून तिच्या पाठीमागे वारा चुकवत बसलो होतो आणि त्यालाच धंदा म्हणत होतो.

चौक सोडल्यावर रस्त्याच्या कडेला एक मुलगी सायकल धरून उभी दिसली. मागच्या चाकातली हवा गेलेली. तिच्यामागे गाडी नव्हती. बायकोने ब्रेक दाबला.

मी म्हटलं, "अगं, आपली पुढे गेली. आणि दुसऱ्याला मदत करणं नियमात बसतं की नाही काय माहीत."

"मंग आलो कशाला? बघा ना, रडाय लागलीय ती."

मी उतरलो. आणि इथे एक गंमत झाली. चाक काढलं, टायर उचकटला, आत बोट फिरवून काच काढली, नवी ट्यूब टाकली, हवा भरली, चाक परत बसवलं. हात आपले आपण चालले होते. मी विचार करायच्या आत काम झालं होतं. कुठलाही आवाज आला नाही. मुलगी "थँक्यू काका" म्हणाली, बहुतेक सांगलीकडची असावी, आणि उडी मारून बसली. ती लांब जाईपर्यंत मी पंप हातात घेऊन रस्त्यात उभा होतो. मला हसू येत होतं. कितीतरी वर्षांनी मला माझं काम आवडलं होतं. दुकानाच्या तोंडाशी बसून येतील त्या सायकलींची वाट बघायची, हेच मी जन्मभर करत आलो. सायकल मोडते ती इथे, रस्त्यावर, आणि तेव्हा माणसाला तुम्ही हवे असता. हे मला दुकानात बसून कधी दिसलंच नव्हतं.

पण घाट जवळ यायला लागला तसं ते हसू आटलं. खालापूर गेलं आणि गाडीत, हातात पान्हा नसताना, गुडघा वाजला. कट्ट. मी बायकोकडे बघितलं. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं.

खोपोलीत रस्ता अरुंद होतो. आम्ही वळणावरून पुढे आलो तेव्हा चार मुली रस्त्यावर पडलेल्या होत्या आणि त्यातली एक आमची होती. ती उठून बसली होती. कोपर सोललेलं, पण शुद्धीत आणि संतापलेली. "काका, पेडल!" डाव्या पेडलचा दांडा वाकला होता. बायको दार उघडून खाली उतरत होती, इतक्यात शर्यतीचा एक माणूस शिट्टी वाजवत धावत आला. "गाडी पुढे घ्या, रस्ता मोकळा करा!" मागे गाड्यांचे हॉर्न. बायकोने माझ्याकडे बघितलं, पेटी माझ्याकडे ढकलली आणि गाडी पुढे नेली.

म्हणजे आता मीच होतो.

वाकलेलं पेडल मी काढलं. नवं घेतलं, आट्यांना ग्रीस लावलं, आधी हातानेच फिरवलं. उलटे आटे. पान्हा लावला आणि घट्ट केलं. पान्हा थांबला, आणि कानाशी आवाज आला.

"बसलं?"

ल जरासा लांबवलेला.

माझ्या तोंडात उत्तर तयारच होतं. त्या सकाळचं ते उत्तर इतक्या वर्षांनीही तिथेच होतं. "बस" एवढं बाहेरही पडलं. मग मला दिसलं की दादाची मुलगी माझ्या तोंडाकडे बघते आहे. तिने विचारलं होतं. तिने, खऱ्याखुऱ्या आवाजात, बापाच्या सुरात.

"थांब," मी म्हणालो.

"काका, त्या पुढे गेल्या!"

"जाऊ देत. थांब."

मी क्रँकच्या आतून बोट फिरवलं. टोक लागलं. एका हातावर माझा विश्वास बसेना. दुसऱ्या हाताचं बोट फिरवलं. टोक लागलं. पुन्हा एकदा पान्हा ओढून बघितला. ती चिडून पाय आपटत होती, आणि मी देवळात बसल्यासारखा तिथे बसलो होतो.

"बसलं," मी म्हणालो.

ती गेली. मी पेटी घेऊन व्हॅनच्या मागे धावलो, या पोटासकट. बायको आरशात बघून हसत होती.

घाटात आम्ही तिच्या मागेच होतो. मी फक्त तिचा डावा पाय बघत होतो. खाली, वर, खाली, वर. देवळाखालचं वळण दिसलं. तिथे ती पेडलवर उभी राहिली, दादा उभा राहिला होता तशीच, आणि सगळा भार डाव्या पायावर टाकला. मी गाडीचं दार घट्ट धरलं होतं. कठडा आला, दगड आला. तिने पुन्हा पाय दाबला आणि वळण मागे पडलं. बायकोने रिवाजाप्रमाणे खिडकीतून शिंग्रोबाकडे नाणं टाकलं. काहीच झालं नव्हतं. एक मुलगी घाट चढत होती, एवढंच. मी मोठ्याने रडलो. बायकोने पदराचं टोक माझ्याकडे सरकवलं आणि गिअर बदलला.

तिला बक्षीस मिळालं नाही. पडण्यात वेळ गेला आणि त्यात माझ्या तपासण्यात गेला. लोणावळ्याला एका टपरीच्या बाकावर आम्ही तिघं बसलो. कोपराला पट्टी बांधून ती केळं खात होती, आणि तेवढ्यात मला जाणवलं की आता सांगितलं नाही तर मी कधीच सांगणार नाही. मी पेटीतलं फडकं काढून बाकावर उघडलं.

"हे तुझ्या बाबाचं पेडल. त्याने मला विचारलं होतं. मी हात न लावता बसलं म्हणालो. तो माझ्यामुळे पडला."

बायकोचा चहाचा पेला तोंडाशी थांबला. मुलीने पेडल उचललं, त्या तीन-चार चकचकीत आट्यांवरून अंगठा फिरवला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"बाबाने मला पेडल लावायला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं. म्हणाला, काका लगेच बसलं म्हणतो, उठत नाही. लहानपणापासूनच. म्हणून त्याला विचारून झालं की मी गुपचूप परत बोट फिरवायचो. दर वेळी."

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी नाही फिरवलं."

"का?"

तिने पेडल फडक्यावर ठेवलं. "तू रुसला होतास ना, टेम्पोत जागा दिली नाही म्हणून. बाबा म्हणाला, तू समोरच बसला होतास. तुझ्या देखत परत तपासलं असतं तर तुला आणखी लागलं असतं. म्हणून राहू दिलं."

मला आधी काय आलं असेल, तर राग. इतका राग मला दादाचा तो जिवंत असतानाही कधी आला नव्हता. वीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला! लंगडत उठून पलीकडे जात राहिला, आणि एवढं एक वाक्य बोलला नाही! मुलीला सांगितलं, मला नाही. मग लक्षात आलं की मीही वीस वर्षं समोरच बसलो होतो. मला वाटायचं तो मला शिक्षा देतोय. तो मला सांभाळत होता, त्या सकाळी सांभाळलं तसंच. आणि त्या सांभाळण्यापायी त्याचा गुडघा गेला होता. हे कळून ओझं कमी झालं का, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, नाही झालं. फक्त आता ते नीट हातात धरता येतं.

पेडल तिने मागून घेतलं. मी दिलं.

मोबाइलवाल्याला मी नाही सांगितलं. गिअरच्या सायकली घ्यायला लागलो. ज्यातलं कळत नाही ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतो आणि शिकून घेतो. आमच्या पुतणीएवढ्या पोरांकडूनही शिकतो, त्यात कमीपणा वाटत नाही. रविवारी सकाळी बायको आणि मी व्हॅन घेऊन पळस्प्याच्या पुढे उभे राहतो. पंप, ट्यूब, हत्यारं, आणि तिने घरून आणलेला चहा. तंग कपड्यांतली ती सगळी मंडळी आता मला नावाने हाक मारतात. दुकान चालायला लागलंय. पण मला मिळालेला धडा मोठ्या धंदेवाल्यांना सांगण्यासारखा नाही. हात लावल्याशिवाय हो म्हणायचं नाही, एवढाच तो आहे, आणि तो आमच्या वडिलांनी मिठागरावरून आणला होता.

शर्यतीनंतरच्या सोमवारी दुकानात एक सायकल आली. तिचं डावं पेडल मी लावायला घेतलं. बायको गल्ल्यावर फोन बघत बसली होती, तिने भुवया वर केल्या आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. मी पान्हा फिरवला, घट्ट केलं आणि थांबलो.

आवाज आला नाही. मी आणखी थांबलो. स्टुलावर ऊन होतं. गुडघा वाजला नाही. या वेळी उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि विचारणारा आला नव्हता. तीन वर्षं ज्याच्यापासून पळालो त्याची मी कान देऊन वाट बघत होतो, आणि तो न आल्याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी मीच विचारलं, "बसलं?"

"बसलं," बायको फोनमधून मान वर न करता म्हणाली.

"हात लावून सांग!" मी ओरडलो.

ती पुटपुटत उठली, माझ्या शेजारी वाकली आणि क्रँकच्या आतून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"नाय बसलं," ती म्हणाली. "अजून अर्धा फेरा हाय."